आठल्ये काकांचा पासंग

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या समोरच्या दारात राहू नये. मी राहिले आहे, म्हणून सांगते. आपल्याकडे कुणी वाटीभर साखर मागायला आलं तर आपण ती देतो आणि विसरून जातो. आठल्ये काका ती साखर दुसऱ्या दिवशी परत आणायचे. वाटी तीच, वरून सुरी फिरवून सपाट केलेली. सोबत कागदाची एक छोटी पुडी. "तुमची वाटी शिगोशीग होती, सेक्रेटरीबाई. वरची साखर पुडीत आहे," असं म्हणून ती पुडी माझ्या तळहातावर ठेवायचे. मला त्या पुडीचा दर वेळी संताप यायचा आणि दर वेळी मी ती चहात घालून संपवायचे.

सेक्रेटरीबाई म्हणजे मी. ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, कारण ज्या मीटिंगला मी गैरहजर राहिले त्याच मीटिंगला मला निवडून दिलं. काका जाऊन आता दीड वर्ष झालं. बिल्डिंगही त्यांच्या मागोमाग गेली. तिच्या जागी पत्र्यांचं कुंपण आहे आणि त्यावर स्विमिंग पुलात हसणाऱ्या एका कुटुंबाचं चित्र आहे. आम्ही सगळे कल्याण, ठाकुर्ली असे भाड्याच्या घरांत पांगलो. माझ्या नव्या शेजाऱ्यांनी टीव्ही नेमका आमच्या भिंतीला लावलाय आणि त्यांच्या मालिकेतल्या सासूचा शब्दन् शब्द मला ऐकू येतो. अशा वेळी काकांची आठवण हटकून येते.

काका उंच, सडपातळ, कायम इस्त्रीच्या शर्टात. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कल्याणच्या बाजारात काढली. दुकानात शिरायचं आणि दुकानदाराने नमस्कार करायच्या आत रिकामी तागडी बोटावर उचलून बघायची, ही त्यांची पद्धत. निवृत्तीनंतरही बोट गप्प बसेना. आमच्या नाक्यावरची भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे कांदे खाली उतरवायची आणि काटा त्यांच्याकडे फिरवून म्हणायची, "घ्या साहेब, झिरो बघून घ्या आधी." काका वाकून झिरो बघायचे, मान हलवायचे आणि काहीही न घेता पुढे जायचे.

"आधी रिकामी पारडी बघावीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्न ठरत असो, निवडणूक असो की नवा दूधवाला, काका हेच म्हणायचे. त्याचा नेमका अर्थ काय ते कुणी विचारत नसे, कारण विचारलं की पासंगावर व्याख्यान व्हायचं. ते मी अनेकदा ऐकल्यामुळे थोडक्यात सांगू शकते. जुन्या तागडीची दांडी कधी कधी एका बाजूला कलते. सरळ माणूस दांडी दुरुस्त करून घेतो. दुसरा माणूस हलक्या पारड्याच्या बुडाशी गुपचूप एखादा खडा नाहीतर लाखेचा गोळा चिकटवतो, म्हणजे पारडी दिसायला सारखी. तो खडा म्हणजे पासंग. काकांच्या लेखी जगात चोरी, लाच, व्यभिचार वगैरे किरकोळ गोष्टी होत्या आणि पासंग हे पाप होतं.

एकदा कल्याणच्या एका धान्याच्या दुकानात त्यांनी पारड्याखाली बांधलेला देवीचा टाक पकडला. दुकानदार म्हणाला, "साहेब, कुलदेवता आहे. बरकतीसाठी बांधलीय." काका म्हणाले, "मग दुसऱ्या पारड्याला का नाही बांधली? तिकडे बरकत नको?" पंच बोलावले, पंचनामा झाला आणि देवी जप्त झाली. पण ठाण्याच्या ऑफिसातल्या कपाटात, जुन्या वजनांच्या ढिगात देवी पडून राहणार हे काकांना सोसेना. जप्त मालाची निगा राखणं हे खात्याचं काम आहे, असा अर्थ लावून ते रोज तिला हळदकुंकू वाहायला लागले. नवरात्रात तिकडे टेंभी नाक्यावर देवीपुढे अलोट गर्दी आणि इकडे ऑफिसात मुद्देमालाची आरती. वरच्या साहेबांनी खुलासा विचारला तेव्हा काका म्हणाले, "आरोपी दुकानदार आहे सर. देवी साक्षीदार आहे." निकाल लागून दुकानदार देवी न्यायला आला, तेव्हा काकूंना ऑफिसात बोलावून त्यांनी तिची ओटी भरवली आणि मगच ताबा दिला.

निवृत्तीनंतर काकांनी एक मोठा स्टिरिओ घेतला. माझ्या कमरेपर्यंत येतील असे दोन स्पीकर आणि मध्ये बटणांचा एक जाडजूड डबा. हॉल केवढा, तर आम्हा सगळ्यांचा असतो तेवढाच. सोफा स्पीकरच्या आड येतो म्हणून सोफा नातेवाइकांकडे गेला. पाहुण्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवत. हॉलमध्ये फक्त एक खुर्ची, दोन्ही स्पीकरपासून टेप लावून मोजलेली, आणि तिचे पाय जिथे टेकत तिथे फरशीवर ऑइलपेंटचे ठिपके. सुमतीकाकू त्या खुर्चीभोवती केर काढायच्या, पण खुर्ची हलवायच्या नाहीत.

रविवारी सकाळी अंघोळ करून काका त्या खुर्चीत डोळे मिटून बसत. एका गायिकेच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग त्यांचं विशेष लाडकं. त्यात पेटी डावीकडून यायची, तबला उजवीकडून आणि बाई बरोबर मध्ये. "बाई बसल्या," असं काका म्हणत, आणि मग तासभर त्या घरात कुणी फोन उचलत नसे. मलाही एकदा खुर्चीत बसवलं होतं. खोटं कशाला बोलू, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरखाली कुणीतरी मांडी घालून गातंय असंच वाटलं. मी तसं बोलून गेले आणि काकांनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

आणि एका रविवारी गाणं मध्येच थांबलं. दारावर थाप पडली. काका उभे, चेहरा उतरलेला.

"सेक्रेटरीबाई, जरा या. बाई सरकल्यात."

"कुठे?"

"डावीकडे. बाथरूमच्या दाराशी गेल्यात. आणि तबलजी तर जवळजवळ दिसेनासा झालाय."

मी जाऊन खुर्चीत बसले. बाई कॅलेंडरखालीच होत्या, तबलजीही होता. मी तसं सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मालात खडे मिसळून विकत होते.

कल्याणहून एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने वायरी उलटसुलट करून बघितल्या, स्पीकरची अदलाबदल केली, आणि बाई तरीही काकांना बाथरूमच्या दाराशीच ऐकू आल्या. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सेट एकदम ओके आहे. पण हा बॅलन्सचा नॉब बघा. हा थोडा राइटला फिरवला की उजवा स्पीकर वाढतो, डावा कमी होतो. बाई येतील जागेवर." आणि त्याने तो फिरवला. काकांचे डोळे मिटलेले होते. क्षणभर त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी डोळे उघडून नॉबकडे बघितलं.

"म्हणजे पासंग," काका म्हणाले.

"काय म्हणायचं ते म्हणा साहेब, पण काम होतं ना."

"हेच मला कल्याणचे व्यापारी सांगायचे," काका म्हणाले. मेकॅनिकला चहा मिळाला, पण तो उभ्यानेच प्यावा लागला.

मग काकांनी आपल्या स्वभावाला अनुसरून पंच बोलावले. बिल्डिंगमधल्या एकेकाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि बाई कुठे आहेत ते बोटाने दाखवायला सांगायचं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हात्रे, मूळचे इथल्याच गावातले, जिना चढून आलेले. खुर्चीत मावेपर्यंतच त्यांना वेळ लागला. त्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "मना तरी बाय मधीच बसलेली वाटते काका." बाकीच्यांनीही मध्येच बोट केलं. सुमतीकाकूंनी ओले हात पदराला पुसत, खुर्चीत न बसताच मध्ये बोट केलं.

आता समजूतदार माणसाने काय निष्कर्ष काढला असता? काकांनी दोन शक्यता मांडल्या. एक तर ते चुकत होते, किंवा आख्खी बिल्डिंग चुकत होती. वजनमापे खात्यात काढलेल्या आयुष्याला स्मरून त्यांनी जड मनाने दुसरी शक्यता स्वीकारली. कल्याणच्या एका गल्लीत एकूण एक दुकानाची तागडी खोटी निघालेली त्यांनी स्वतः बघितली होती, मग एका बिल्डिंगचे कान खोटे का निघू नयेत? "एवढी माणसं राहतात इथे," ते मला म्हणाले, "आणि एकाच्याही कानाची कधी पडताळणी झालेली नाही."

हा विषय त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणला. 'सभासदांच्या कानांची पडताळणी' असा ठराव मी माझ्या हाताने लिहिला आहे. तो एकमताने मंजूरही झाला, कारण बटाटेवडे येऊन गार होत होते. माझी समजूत अशी की तो इतर ठरावांसारखाच विसरला जाईल. पण साहेबांनी सांगितलं म्हणजे काहीतरी असणार, असं लोकांना वाटायला लागलं. माणसं एकेक कान बोटाने बंद करून लिफ्टचा आवाज ऐकायला लागली. म्हात्र्यांनी तर जिन्यात मला थांबवून सांगितलं, "मॅडम, काका बोलले ते खोटं नाय. मना बी आता डाव्या अंगानं जास्ती येते." ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे कान तपासणारी एक मुलगी होती, तिच्याकडे आमच्या बिल्डिंगची रीघ लागली. आणि एकेक जण कान उत्तम असल्याचं ऐकून, काहीसा खट्टू होऊन परत येत होता. म्हात्रे सर्वांत जास्त नाराज होते. कमी ऐकू येतं असं त्यांनी नातेवाइकांत जाहीर करून टाकलं होतं आणि त्यानंतर त्यांच्याकडे कुणी कसली मदत मागेना, हे त्यांना फार मानवलं होतं.

"सगळेच बरोबर? मग त्या मुलीचं मशिन खोटं असणार," काका म्हणाले. "चला सेक्रेटरीबाई. रिकामी पारडी बघून येऊ."

मला कॉलेजात जायचंच होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर ठाण्याला गेले. त्या मुलीचा दवाखाना म्हणजे एक लहान खोली, त्यात काचेच्या खिडकीची आणखी लहान खोली. ती म्हणाली, "बसा आजोबा." काका बसले नाहीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"या मशिनची पडताळणी कधी झाली?"

मुलगी घाबरेल असं मला वाटलं होतं. पण तिने मशिन फिरवून मागच्या बाजूचं स्टिकर दाखवलं. काकांनी तारीख वाचली, सही बघितली, शिक्क्याच्या कडा नखाने चाचपून बघितल्या. "मुदतीत आहे," ते म्हणाले. कुणाचं चांगलं बोलावं लागलं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मग स्वतःवर मशिन चालवून बघतो म्हणाले आणि आत जाऊन हेडफोन लावून बसले. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम.

डाव्या कानाला ते भराभर बटण दाबत होते, चेहऱ्यावर परीक्षकाचा रुबाब. मग उजव्या कानाची पाळी आली. काका बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. मला वाटलं, ही मुलगी आवाज सोडायला विसरली. मी तिच्याकडे बघितलं. ती आवाज वाढवत होती, आणखी वाढवत होती. काचेपलीकडे काका सभ्यपणे, थोडंसं हसत वाट बघत होते. कुणाची तरी फजिती बघायला मी हौसेने गेले होते आणि आता ती बघवेना.

"उजवा कान बराच कमी आहे आजोबा," ते बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली.

"माझा?"

"हो. कानाला मशिन लावलंत तर पुष्कळ फरक पडेल."

काकांनी पुन्हा एकदा स्टिकर बघितलं. शिक्का खरा होता, आणि खऱ्या शिक्क्यापुढे बोलायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर लोकांना शिकवलं होतं. बाहेर येऊन, कॉलेज बाजूला ठेवून, मी त्यांच्याबरोबर स्टेशनच्या रिक्षात बसले. मी त्यांच्या उजवीकडे बसून त्यांना धीर देणारं बरंच काही बोलले. त्यातलं त्यांनी काहीच ऐकलं नाही हे मला स्टेशन आल्यावर कळलं.

"सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, "मी मापात कमी भरलो."

"काका, ती म्हणाली तसं मशिन लावून घ्या ना."

"ते काय असतं? हलक्या पारड्याला चिकटवलेला खडा. माझ्या कानाला पासंग लावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बिल्डिंगमध्ये दारोदार गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "तुमचा कान खरा आहे. माझा खोटा निघाला. तसदीबद्दल माफ करा." म्हात्र्यांनी त्यांना आत ओढून घेतलं, सुकी मासळी तळलेली होती ती पुढे केली आणि काका खात नाहीत हे आठवल्यावर नारळाची वडी दिली. "असूं दे काका," ते म्हणाले, "कानच हाय, इमान थोडीच हाय." माझ्या मते काकांना त्या दोहोंत फारसा फरक वाटत नव्हता.

त्यानंतर रविवारचं गाणं बंद झालं. सरळ नॉबवर बाई बाथरूमच्या दाराशी बसायच्या आणि नॉब फिरवणं गुन्हा होता, तेव्हा काकांनी स्टिरिओवर चादर घातली. बिल्डिंगला चुकल्यासारखं व्हायला लागलं. घरात मात्र वेगळीच पंचाईत होती. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. काका हाक मारायचे, "अगं, कुठे आहेस?" काकू उजवीकडच्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "इथेच आहे." आणि काका डावीकडे जाऊन बाथरूमचं दार वाजवायचे. हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं आणि आमच्या दारातून स्पष्ट ऐकू यायचं. माझी तर हसून पुरेवाट व्हायची. एकदा काकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्याही हसत हसतच सांगायला लागल्या.

"मी बोलले की ते भलतीकडेच बघतात गं. आधी हसू येतं. मग नाही येत." आणि त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मीही नंतर कधी हसले नाही.

काकूंनी मग स्वतःच मार्ग काढला. एका रविवारी त्यांनी चादर काढली, स्टिरिओ पुसला आणि काकांना खुर्चीत बसायला सांगितलं. मी तेव्हा विळी परत करायला गेले होते. बाई कॅलेंडरखाली बसल्या, तबलजी परत आला. काकांनी डोळे न उघडता विचारलं, "नॉबला हात कुणी लावला?"

"मीच. पुसताना फडकं लागलं असेल."

"फडकं बरं उजवीकडेच लागलं."

"मी उजव्या हाताने पुसते."

काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "गुन्हा कुणाचा धरायचा मग?"

"माझा," काकू म्हणाल्या. "ऐका आता मुकाट्याने."

त्यांनी ऐकलं. सोमवारी सकाळी काका स्वतः उठून नॉब मध्यावर आणायचे आणि रविवारी काकूंचं फडकं त्याला लागायचं. कायदाही राहिला आणि गाणंही. इतका सुखी गुन्हेगार आणि इतका डोळेझाक करणारा इन्स्पेक्टर मी पाहिलेला नाही.

बिल्डिंग पाडायची ठरली आणि तिथली शेवटची दिवाळी आली. अंगणात दरवर्षी दिवाळी पहाट व्हायची. या वर्षी ठरलेल्या गायिकेचा घसा बसला आणि दोन दिवस आधी तिने नाही म्हणून कळवलं. मी काकूंना धरलं. काकू उत्तम गायच्या, पण स्वयंपाकघरात. "माझं गाणं कांदा चिरण्यापुरतं आहे," त्या म्हणाल्या. "चार लोकांत माझा आवाजच फुटणार नाही." मी परत फिरणार तेवढ्यात हॉलमधून काका म्हणाले, "ती गाईल."

नंतर ते मला सोडायला दारापर्यंत आले. "हिला मी जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलंय," ते म्हणाले. "मी इकडे, ती ओट्यापाशी. एकदा समोर बसून ऐकायचंय, बरोबर मध्ये. दोन्ही कानांत सारखी." मग त्यांच्या लक्षात आलं की ते काय बोलून गेले, आणि ते दिवाळीच्या फराळाबद्दल काहीतरी विचारायला लागले.

आमच्याकडे आवाजाच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा असे. स्टेजच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर, आणि काका पहिल्या रांगेत मधोमध बसून 'ओके' म्हणाले की कार्यक्रम सुरू. कान खोटा निघाल्यावरही हा मान कुणी काढून घेतला नव्हता. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या सकाळी साउंडवाल्या पोराने नेहमीसारखं विचारलं, "काका, ओके ना? की कुठे घेऊ?" काकू स्टेजवर भरजरी साडीत, पेटीवाल्याशेजारी अंग चोरून बसल्या होत्या. त्यांनी 'सा' लावला. काकांनी डोळे मिटले.

"डावीकडे आहे," ते माझ्याकडे कलून म्हणाले. "पार डावीकडे."

साउंडवाल्याचा हात नॉबवर होता. काका नुसते 'उजवीकडे' म्हणाले असते तर त्याने फिरवला असता आणि कुणी चकार शब्द काढला नसता. उजवीकडच्यांचे कान बधिर झाले असते, डावीकडच्यांना काही ऐकू आलं नसतं, आणि सगळ्यांनी वा वा केलं असतं. काकांनी डोळे उघडून अंगणावर नजर फिरवली. डावीकडे म्हात्र्यांची म्हातारी आई शाल लपेटून, कानाची पाळी पुढे ओढून तयारीत बसली होती. काका उठले, स्टेजवर चढले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"माझा उजवा कान खोटा आहे," ते म्हणाले. "हे आपण जाणताच. तरी आज जाहीर करतो. यापुढे आवाजाला मी ओके देणार नाही. नॉब मध्यावर राहू दे."

लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. काहींनी वाजवल्या. काका खाली उतरले, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून उजव्या अंगाला गेले, बसले, डोळे मिटून काकूंचा लांबवलेला 'सा' ऐकून उठले, आणखी पुढे गेले. असं करत करत ते अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी, उजव्या स्पीकरला जवळजवळ खेटून बसले. एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी स्कूटर. तिथे ते थांबले. बहुधा तिथे त्यांना काकू मध्ये सापडल्या असाव्यात.

काकूंनी डोळे उघडून अभंग सुरू केला आणि पहिल्याच ओळीला आवाज कापरा झाला. त्या पहिल्या रांगेत मधोमध बघत होत्या आणि तिथे काका नव्हते. पेटीवाल्याने ओळ पुन्हा वाजवली. काकूंची नजर रांगांवरून फिरत फिरत पंपाच्या खोलीपाशी गेली. तिथे त्यांना काका दिसले, आणि त्या नुसती मानच नाही तर बसल्या जागी सगळ्याच तिकडे वळल्या आणि गायला लागल्या. आवाज मोकळा झाला. इतका मोकळा की मी त्यांच्या समोरच्या दारात इतकी वर्षं राहून तो ऐकला नव्हता. पण माइक आता त्यांच्या कानापाशी होता. स्पीकरमधून पेटी येत होती, तबला येत होता, आणि काकू मात्र माइकशिवाय, फक्त उजवीकडच्यांना ऐकू येत होत्या. साउंडवाला मला हातवारे करून विचारत होता, काय करू? डावीकडून म्हात्रे उठून माझ्याजवळ आले. "मॅडम, इकडं काय पण ऐकाला येत नाय. आई विचारते बाय गाते की नुसती बसलीय." मी म्हटलं, "बसा हो. गातायत."

काकांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी डोळे उघडले आणि काकूंना हाताने खूण केली, माइककडे बघ, लोकांकडे बघ. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या, खूण त्यांना दिसली नाही असं म्हणता येणार नाही. त्या गात राहिल्या. काकांनी पुन्हा खूण केली, जरा रागाने, कल्याणच्या बाजारात करत असतील तशी. काकूंनी पुढचं कडवं घेतलं. तिसऱ्यांदा काकांचा हात वर निघाला आणि अर्ध्यावरच थांबला. मग तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.